पाण्यातून बाहेर येणारी गाडी

आमच्या जमिनीचा बराचसा भाग धड जमीनही नाही आणि धड पाणीही नाही. मध्ये तळं, तळ्याला लागून लव्हाळ्याची दलदल, दलदलीपलीकडे कोरडा उंचवटा आणि त्यावर झाडी. उंचवट्यावरचं वाळकं लाकूड आणायचं, कुंपणाचे खांब आणि तारेची भेंडोळी न्यायची, तळ्यात माजलेलं गवत ओढून काठावर टाकायचं, अशी किरकोळ कामं वर्षभर असतात. होडी दलदलीत अडकते. ट्रॅक्टर दलदलीच्या तोंडाशीच बसतो आणि मग त्याला काढायला दुसरा ट्रॅक्टर आणावा लागतो. माणूस चालत गेला तर गुडघ्यापर्यंत जातो, तेही रिकाम्या हातांनी. त्यातून पुतण्यांना तळ्यात भटकायचं होतं. खरं सांगायचं तर मलाही. लाकूड हे घरच्यांना सांगायचं कारण होतं.

तर जमिनीवर आणि पाण्यावर दोन्हीकडे चालणारी छोटी गाडी घ्यायची, असं दादाने आणि मी ठरवलं. वहिनींनी एवढंच विचारलं, "बुडाली तर?" तेव्हा मला वाटलं होतं, सगळा शोध याच प्रश्नाभोवती फिरेल. पण या गाड्या तशा सहजासहजी बुडत नाहीत. आम्हाला दमवलं ते दुसऱ्याच प्रश्नाने: पाण्यात उतरलेली गाडी चिखलाच्या काठावर पुन्हा चढणार कशी?

आधी कुठले प्रकार मिळतात ते पाहिलं. एका टोकाला गिब्जची क्वाडस्की. मोटारसायकलसारखी मांड ठोकून बसायची, जमिनीवर आणि पाण्यावर दोन्हीकडे ताशी ७२ किलोमीटरपर्यंत पळणारी, पाण्यात शिरल्यावर चाकं वर उचलून घेणारी. २०१२ मध्ये आली आणि काही वर्षांतच तिचं उत्पादन थांबलं. बघायला झकास, पण तिच्यावर कुंपणाचे खांब कुठे ठेवणार? दुसऱ्या टोकाला शेर्प. माणसाच्या खांद्याशी येणारे, १.६ मीटर व्यासाचे चार टायर, डिझेल इंजिन, बंद केबिन, आणि वजन टनाच्या वर. बर्फाळ मुलखात मोहिमा काढणाऱ्यांनी ती जरूर घ्यावी. आमच्या तळ्याला ती लाजवेल.

या दोन टोकांच्या मध्ये सहा किंवा आठ चाकांची, उघड्या टबासारखी दिसणारी गाडी असते. हा प्रकार जुना आहे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅनडात 'जिगर' नावाची सहाचाकी निघाली आणि तिच्यामागून अमेरिका-कॅनडात अशा गाड्यांची लाटच आली. त्या लाटेतल्या बऱ्याच कंपन्या बुडाल्या. टिकलेलं ठळक नाव म्हणजे १९६७ मध्ये ओंटारियोत सुरू झालेली आर्गो. मॅक्स नावाची सहाचाकीही अनेक दशकं बनत होती, त्यामुळे जुन्या बाजारात ती अजून दिसते. जमिनीवर ताशी तीसेक किलोमीटर, पाण्यात चालण्याच्या वेगाने, आणि टबात चार-पाचशे किलो माल. आमचं काम याच प्रकाराने होणार हे लगेच कळलं. पुढचा सगळा वेळ या प्रकारातली कुठली, यात गेला.

पहिल्यांदा जवळून पाहिली तेव्हा दादा खाली वाकून सस्पेन्शन शोधत होता. ते नसतंच. बहुतेक गाड्यांत आस, म्हणजे चाकांचे दांडे, थेट टबाला बसवलेले असतात आणि धक्के झेलतात ते टायर. टायरमध्ये हवा असते दोन ते पाच पीएसआय (दाब मोजायचं माप). मोटारीच्या टायरमध्ये तीसच्या आसपास असते, म्हणजे हे टायर अंगठ्याने दाबले तरी दबतात. दलदलीवरून जाण्याचं सगळं गुपित याच मऊपणात आहे. माझ्यासारखा सत्तर किलोचा माणूस चालताना एका पावलावर असतो तेव्हा जमिनीवर सहा-सात पीएसआय दाब देतो. तीन पीएसआयचे आठ टायर असलेली, मालासकट सातशे किलोची गाडी दर चाकाखाली वीतभर लांब-रुंद जागा व्यापते आणि माझ्या पावलाच्या निम्म्याच दाबाने उभी राहते. म्हणून मी जिथे रुततो तिथे ती रुतत नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या डक या उभयचर ट्रकमध्ये तर चालकाला बसल्या जागेवरून टायरची हवा कमी-जास्त करता यायची: वाळूत उतरताना कमी, रस्त्यावर आल्यावर जास्त. आपल्याला ते हाताने करावं लागतं, आणि त्यासाठी कमी दाब मोजणारा वेगळा गेज लागतो. पंक्चरवाल्याकडचा गेज तीन पीएसआयला काहीही दाखवतो.

मऊ टायरचा दुसरा उपयोग मला माहीत नव्हता. २४ इंच व्यासाचा आणि १० इंच रुंदीचा टायर पूर्ण बुडाला तर अंदाजे साठ लिटर पाणी बाजूला सारतो, म्हणजेच साठ किलो वजन उचलून धरतो. अशी सहा चाकं म्हणजे साडेतीनशे किलोच्या आसपास. सहाचाकी गाडीचं रिकामं वजन साधारण चारशे ते साडेचारशे किलो असतं. म्हणजे तरंगण्यात टायरचा वाटा टबाइतकाच मोलाचा. वहिनींना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "आणि पाण्यात टायर फुटला तर?" तर गाडी त्या कोपऱ्यात कलते, बुडत नाही, पण भरलेली असेल तर कड पाण्याच्या फार जवळ येते. म्हणूनच कंपन्या पाण्यातली क्षमता जमिनीपेक्षा कमी सांगतात. सहाचाकीत साधारणपणे जमिनीवर चार माणसं आणि पाण्यात दोन. आठचाकीत सहा आणि चार. जाहिरातीतल्या चित्रात सगळे हसत बसलेले असतात ते जमिनीवर, एवढं लक्षात ठेवायचं.

वळण्याची तऱ्हा अंगवळणी पडायला वेळ लागतो. पुढची चाकं वळत नाहीत. रणगाड्यासारखी एका बाजूची चाकं रोखायची किंवा मंद करायची आणि दुसऱ्या बाजूच्या जोरावर गाडी घसटत वळवायची. काही गाड्यांत दोन दांडे असतात, काहींत मोटारसायकलसारखं हँडल. एका बाजूची सगळी चाकं आतून साखळ्यांनी जोडलेली असल्यामुळे ती एकाच वेगाने फिरतात. गाडी जागच्या जागी वळते, अरुंद पायवाटेवर याचं फार सुख. पण हिरवळीवर वळलात तर हिरवळ सोलून निघते, आणि डांबरी रस्त्यावर वळलात तर टायर, साखळ्या आणि तुमचे दंड तिघंही तक्रार करतात. ज्याला बहुतेक वेळ कोरड्या, कडक रस्त्यावर फिरायचं आहे त्याने सरळ साधी चारचाकी एटीव्ही, म्हणजे कच्च्या वाटांवर चालणारी छोटी उघडी गाडी, घ्यावी. तिला सस्पेन्शन असतं, ती दुप्पट वेगाने जाते आणि देखभालही कमी मागते. आम्ही चालवून पाहायला गेलो तिथे एक गृहस्थ केवळ मिरवायला ही गाडी घेत होते. त्यांना हे सांगावंसं वाटलं, पण विक्रेता शेजारीच उभा होता.

पाण्यात वेगळा पंखा नसतो. टायरच्या नक्षीचे उंच दात पाणी मागे ढकलतात. वेग ताशी चार-पाच किलोमीटर, तोही शांत पाण्यात. समोरून वारा असेल तर गाडी जवळजवळ उभी राहते, कारण टब रुंद आणि उथळ असतो. वाहत्या नदीचा प्रवाह सहज यापेक्षा जास्त असतो, म्हणून नदी ओलांडणं हे या गाडीचं काम नाही. मागे बोटीचं छोटं इंजिन लावण्याचा कंस मिळतो. मोठ्या तलावात, मासेमारीला जाणाऱ्याला तो उपयोगी. आमचं तळं ओलांडायला काही मिनिटं लागतात. कंस, इंजिन आणि त्याचं वजन यांचा विचार तिथेच सोडला.

आता काठ. पहिल्या विक्रेत्याकडे पाण्यात उतरायला सिमेंटचा बेतशीर उतार होता. त्यावरून गाडी अलगद खाली गेली, गोल फिरली, अलगद वर आली. आम्ही प्रभावित व्हावं अशी सगळी मांडणी. दादाने पलीकडे बोट दाखवून विचारलं, "तिथून चढवून दाखवाल?" तिकडे काळा गाळ आणि गुडघाभर उंचीची डगर होती. विक्रेत्याने आढेवेढे घेतले, मग गेला. पुढची चाकं डगरीला टेकली आणि जागेवर फिरत राहिली. गाळ उडाला. गाडी तसूभरही चढली नाही. दोन-तीनदा मागे घेऊन वेगाने आणली, तरी तेच.

असं का होतं ते तिथे उभं राहून नीट दिसलं. गाडी तरंगत असते तेव्हा तिचं बहुतेक वजन पाण्याने उचललेलं असतं. पुढची जोडी काठाला टेकते, पण तिच्यावर भार नसतो, आणि भार नाही तर पकड नाही. मागची चाकं अजून पाण्यात वल्ही मारत असतात. तेवढा जोर चढायला पुरत नाही. पुढचा भाग थोडा वर आलाच तर मागचा तेवढाच खाली जातो, टबात साचलेलं पाणी मागे धावतं आणि मागची कड पाण्याला टेकू लागते. इंजिनची ताकद इथे कामाला येत नाही. कामाला येतो तो पुढे सरकवलेला भार. म्हणून जाणकार चालक चढताना बरोबरच्या माणसाला पुढे झुकायला सांगतात, सामान आधीच पुढच्या बाजूला बांधतात, आणि काठाला काटकोनात भिडतात. तिरपे भिडलात तर एक बाजू चढते, दुसरी तरंगत राहते आणि गाडी कलते.

आठ चाकांची बाजू मला इथे पटली. लांबी जास्त असल्यामुळे शेवटचे आस तरंगत असतानाच दुसरा आस जमिनीला लागतो, आणि आता चार चाकं ओढायला असतात. शिवाय मागे तरंगणारा भाग मोठा असल्यामुळे मागची बाजू पटकन दबत नाही. दुसऱ्या एका ठिकाणी सहाचाकी आणि आठचाकी एकाच चिखलाच्या काठावर पाठोपाठ चालवायला मिळाल्या. सहाचाकी हलकी, चपळ, झाडांमधून वळायला छान. काठावर मात्र तीच रड. आठचाकी घुरघुरत, घसरत, पण चढली. दादाचा कौल सहाचाकीला होता, कारण ती आमच्या ट्रेलरवर मावत होती. तिथून परतताना त्याचा कौल बदललेला होता आणि ट्रेलरचं काय करायचं यावर बोलणं सुरू झालं होतं.

गिअरबॉक्सबद्दलही थोडं शिकावं लागलं. ज्या गाड्यांत डाव्या-उजव्या बाजूंमध्ये साधा डिफरन्शियल (दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी) असतो, त्यांत एक बाजू चिखलात घसरली की सगळी शक्ती तिकडेच पळते. उपाय म्हणजे घसरणाऱ्या बाजूला हलका ब्रेक द्यायचा. मग दुसरी बाजू ओढायला लागते. हे हाताला सवयीने जमतं. काही गिअरबॉक्समध्ये सरळ जाताना दोन्ही बाजूंना सारखीच ओढ मिळते आणि ही कसरत करावी लागत नाही. नव्या आर्गोंच्या गिअरबॉक्समध्ये वळतानाही आतल्या बाजूची चाकं फिरती ठेवता येतात, त्यामुळे चिखलात वळताना गाडी अडत नाही. चालवून पाहाल तेव्हा हे मऊ जमिनीवर पाहा. खडीवर सगळ्याच गाड्या सारख्या वाटतात.

नवी की वापरलेली यावर आम्ही फार घोळ घातला नाही. खिशानेच उत्तर दिलं. पण वापरलेली घ्यायची म्हणजे टबाखाली डोकं घालणं आलं. ओळखीतल्या एका फिटरला बरोबर नेलं. त्याने इंजिनकडे शेवटी पाहिलं. आधी फरशीचे पत्रे काढायला लावले. खाली साखळ्या. त्या गंजलेल्या असतील, खूप लोंबत असतील, साखळी फिरवणाऱ्या चक्रांच्या दात्यांची टोकं आकड्यासारखी वाकलेली असतील, तर समजायचं की आत पाणी साचू दिलं होतं. एका चकचकीत गाडीच्या तळाशी त्याला वाळलेल्या चिखलाचा जाड थर सापडला. विकणाऱ्याने बाहेरून धुऊन, पुसून, काळा रंग लावून ठेवली होती. फिटरने साखळीला नुसतं बोट लावून आमच्याकडे पाहिलं, आणि आम्ही निघालो.

आस टबातून बाहेर येतो तिथलं बेअरिंग आणि सील हे या गाड्यांचं दुखणं. प्रत्येक आसाला दोन्ही टोकांना तशी जागा. आठचाकीत अशा आठ. गाडी जॅकवर उचलायची, प्रत्येक चाक दोन्ही हातांनी वर-खाली हलवायचं. खडखडलं तर बेअरिंग गेलं. सील गेलं असेल तर तिथूनच पाणी आत येतं. म्हणूनच पाण्यात गेलेल्या गाडीला वरचेवर ग्रीस भरावं लागतं, जुनं पाणीमिश्रित ग्रीस बाहेर पडेपर्यंत. टब बहुतेक जाड पॉलिथिलीनचा असतो. तो फायबरसारखा तडकत नाही, दगडावर घासून पुढे जातो. पण चीर पडलीच तर कुठलाही डिंक त्याला धरत नाही, गरम करून जोड द्यावा लागतो. म्हणून तळाला हात फिरवून पाहायचा. फिटरने आणखी एक गोष्ट केली जी आम्हाला सुचली नसती: टेप घेऊन टायरांचा घेर मोजला. एका बाजूची चाकं साखळीने बांधलेली असताना एक टायर मोठा आणि एक लहान असेल तर ते एकमेकांशी झगडत राहतात आणि साखळ्या लवकर झिजतात. जुन्या गाडीत मालकाने एकेक टायर मिळेल तसा बदललेला असतो.

इंजिन आणि गिअरबॉक्समध्ये रबरी पट्टा असतो, स्कूटरसारखा. तो ओला झाला की घसरतो, आणि वरच्या गिअरमध्ये ओझं ओढलं की जळतो. ओझं असेल तर खालचा गिअर, हा नियम. इंजिन पाण्याने थंड होणारं असेल तर बरं, कारण ते बंद टबात बसतं आणि आमचं काम सावकाश, ओढीचं आहे. हवेने थंड होणारी इंजिनंही चालतात, साधी आणि हलकी असतात. मात्र सायलेन्सरच्या आसपास सुकं गवत साचू देता कामा नये. दलदलीतून फिरणाऱ्या गाडीत ते साचतंच, आणि पेट घेऊ शकतं.

शेवटी घेतली ती आठचाकी, वापरलेली, आधीच्या मालकाने कामापुरती वापरलेली आणि ग्रीसची नोंद वहीत ठेवलेली. ती वही पाहून फिटर पहिल्यांदा खूश दिसला. समोर विंच, म्हणजे दोरी गुंडाळून ओढणारं यंत्र, बसवून घेतली. काठाच्या प्रश्नावर विंच हे निम्मं उत्तर आहे: झाडाला पट्टा गुंडाळायचा, दोरी ताणायची, गाडी सरळ वर येते. झाडाची साल सोलू नये म्हणून रुंद पट्टा वापरायचा, नुसती तार नाही. उरलेलं निम्मं उत्तर फावड्याचं. दोन्ही काठांवर एकेक जागा निवडून आम्ही डगर फोडली, लांब तिरपा उतार केला आणि त्यावर आडवे ओंडके पुरले. लव्हाळ्यात पक्षी घरटी करतात, त्यामुळे रोज नवी वाट पाडण्यापेक्षा हे बरंच.

पाण्यात उतरण्याआधी आता ठरलेला क्रम आहे. तळाची बुचं घट्ट आहेत ना ते हाताने पाहायचं. पाणी उपसणारा पंप चालू करून त्यातून खरंच पाणी बाहेर पडतं का ते पाहायचं. नुसता आवाज येणं पुरेसं नाही, कारण तळाच्या चिखलाने जाळी बुजलेली असते. टायर सारखे फुगलेले हवेत. लाइफ जॅकेट सगळ्यांना, काठ दहा हातांवर असला तरी. परत आल्यावर बुचं काढून पाणी सोडायचं, आसांना गुंडाळलेलं गवत विळ्याने कापायचं. हे गवत सीलवर घासत राहतं, आणि गाडी दुसऱ्या तळ्यात न्यायची असेल तर तिथे ते रुजतं. म्हणून नेण्याआधी धुणं आणि पूर्ण वाळवणं आलंच. पुतण्यांना या भागाचा कंटाळा आहे, पण बुचं कोणी लावली हे विचारल्याशिवाय वहिनी कोणालाच उतरू देत नाहीत.

एकच गोष्ट अनिर्णित आहे. टायरांवरून चढवायचे रबरी पट्टे मिळतात, रणगाड्याच्या पट्ट्यांसारखे. त्यांनी जमिनीवरचा दाब आणखी खूप कमी होतो आणि चिखलाचा काठ गाडी विंचेशिवाय चढू शकते. दादाला ते हवे आहेत. माझं म्हणणं, त्यांचं वजन आणि ओढ शेवटी साखळ्या आणि बेअरिंगवर येते, चढवायला-उतरवायला अर्धा दिवस मोडतो, आणि आता ओंडक्यांचा उतार आहेच. दादा म्हणतो, पावसाळ्यात ओंडके वाहून गेले की बोलू.